तिच्या वाटचं नाव

चादरी विणणारे मागवाले काका त्या दिवशी आले तेच तोंड पाडून. एरवी ते आले की अंगणात पाऊल टाकताच नाक दाबायचे, "काय वास मारतोय तुमचा निळीचा रांजण! मेलेला माणूस उठून पळेल," असं म्हणायचे आणि चहा होईपर्यंत साऱ्या गावाच्या चौकशा करायचे. त्या दिवशी त्यांनी नाक दाबलं नाही. काखेतली घडी केलेली चादर काढली, सूत वाळवायच्या दोरीवर टाकली आणि बाजूला सरकले.

"बघा," ते म्हणाले. "मी काही बोलत नाही. तुम्हीच बघा."

चादर नवीकोरी होती. पांढऱ्यावर निळे पट्टे. पहिला पट्टा स्वच्छ निळा, दुसरा त्याच्याहून गडद, आणि तिसरा तर पार काळपट. सूत एकाच घरचं, रांजण तोच, आणि मागावर शेजारीशेजारी बसल्यावर तीन घरची पोरं वाटावीत असे ते पट्टे दिसत होते.

म्हातारा रंगारी पुढं झाला. पन्नास वर्षं नीळ हाताळून त्याची बोटं मनगटापर्यंत निळी झाली होती आणि नखं तर आता जन्मभर तशीच राहणार होती. त्यानं तिसऱ्या पट्ट्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"थंडी फार पडली यंदा," शेवटी तो म्हणाला.

"थंडीत रंग फिका पडतो बाबा," त्याचा मुलगा म्हणाला. "गडद होत नाही."

हे खरंच होतं. थंडीत रांजण सुस्तावतो, त्याला आजूबाजूनं भुसा पेटवून ऊब द्यावी लागते, एवढं तर त्या घरातलं मांजरसुद्धा जाणत होतं. म्हाताऱ्यानं मान हलवली आणि तो चादरीपासून मागं सरला.

काकांनी खिशातून चिंधीत गुंडाळलेला कापडाचा एक जुना तुकडा काढला. "हा तुमच्याच हातचा. वहिनी होत्या तेव्हाचा. चाळीस लडी द्या मला या रंगाच्या. आठ दिवस आहेत. जुळल्या तर आपलं आहे तसंच चालू. नाही जुळल्या तर मला गिरणीचं रंगवलेलं सूत घ्यावं लागेल. तीस वर्षं तुमच्या दारात येतोय, मला काय हौस आहे? पण गिऱ्हाईक माझ्या तोंडावर चादर फेकतं हो."

चहा न घेताच ते गेले. ते गेल्यावर मुलानं बापाकडे पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं.

"रांजणाला खुराक कोण घालतं?" तो म्हणाला.

सून हातात कपबशा घेऊन दारात उभी होती. खुराक तीच घालायची. चुना, कोंडा, नीळ, सगळं मोजून मापून. सासूबाईंनी शिकवलं होतं तसंच.

"मीच घालते," ती म्हणाली. "नीळ काय मी जास्तीची ओतते? माझ्या माहेराहून येते का ती?"

"मी काही म्हटलं का? एवढंच म्हणतो, आई होती तेव्हा असं कधी झालं नाही."

मेलेल्या माणसाशी बरोबरी लावली की जिवंत माणूस हरणारच. तिनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. त्यानं एखादा शब्द टाकला असता तरी तिला पुरे होतं. पण तो खाली बसून रांजणाच्या झाकणावरचा चुना नखानं खरवडत राहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते दिसू नये म्हणून ती कपबशा विसळायला आत गेली. कोणी उष्ट्या केलेल्या नव्हत्या तरी तिनं त्या दोनदा विसळल्या.

ती भांडीवाल्याची मुलगी. लहानपणापासून बापाबरोबर गल्लोगल्ली ओरडत फिरलेली, त्यामुळे आवाज असा की कुजबुजली तरी शेजारी ऐकू जावं. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "हिला जेवायला हाक मारायला सांगू नका रे, तीन गावं पानावर येऊन बसतील." बोलणं तिखट, पण हात मऊ. सुनेला त्यांची फार आठवण यायची, आणि असा एखादा दिवस आला की जास्तच यायची.

या घरातली पहिली सकाळ तिला अजून जशीच्या तशी आठवत होती. उजाडताना तिला जाग आली ती बाहेर कोणीतरी हळू आवाजात वाद घालतंय म्हणून. एक आवाज बाप्याचा, एक बाईचा. तो काही म्हणायचा, ती लगेच उत्तर द्यायची. नवी नवरी घाबरून उठली, दाराच्या फटीतून बघते तर सासरे काठीला सुताची लड अडकवून ती रांजणात बुडवून उभे, आणि सासूबाई रांजणापाशी दगडी बैठकीवर मांडी घालून बसलेल्या. ते म्हणायचे, "नारायण." त्या म्हणायच्या, "हरी." त्या एकेका जोडीला सासूबाईंचा अंगठा बोटाच्या एका पेरावरून पुढच्या पेरावर सरकायचा. एकशे आठ झाले की एक माळ. माळ संपली की लड बाहेर. बाहेर निघताना लड हिरवट पिवळी असायची आणि वारा लागला की डोळ्यांदेखत निळी होत जायची. मग जरा वाळवून पुन्हा बुडवायची, पुन्हा एक माळ. एका लडीला तीन माळा.

"घड्याळ नव्हतं का?" तिनं पुढं कधीतरी विचारलं होतं.

"घड्याळ बघायला डोळे लागतात," सासूबाई म्हणाल्या होत्या. "डोळे सुतावर पाहिजेत. हात काठीवर पाहिजेत. तोंड तेवढं मोकळं असतं, ते माणसांची उणीदुणी काढण्यात जातं. त्यापेक्षा देवाला दिलेलं बरं. माझ्या सासूसासऱ्यांनीही असंच केलं."

सकाळभर ते चालायचं. नारायण, हरी. नारायण, हरी. पलीकडची शिवणवाली त्या आवाजावर उठायची. ती म्हणायची, "तुमची दुसरी माळ लागली की मी चूल पेटवते, तिसरीला आमच्यांना उठवते." आणि नवराबायकोचं भांडण झालेलं असलं तर तेही त्या नावातच कळायचं. दोघं दिवसभर एकमेकांशी अवाक्षर बोलायचे नाहीत, पण माळ चुकायची नाही. सासूबाईंचं 'हरी' मात्र असं यायचं की देवालाही वाटावं, आपलं काय चुकलं? दुपारपर्यंत ते हळूहळू निवळायचं. एखाद्या वेळी मध्येच, "हरी, अहो काठी सरळ धरा," असं यायचं आणि सुनेला कळायचं, मिटलं.

दोन वर्षांपूर्वी सासूबाई गेल्या. तापाचं निमित्त झालं, आठवडाभरात आटोपलं. तेरा दिवस रांजण झाकलेले राहिले. चौदाव्या दिवशी म्हातारा उठला, काठी घेतली, लड बुडवली आणि म्हणाला, "नारायण." तेव्हापासून ते एकट्याचंच चालू होतं. दगडी बैठकीवर कोणी बसायचं नाही. कोणी तसं सांगितलं नव्हतं, पण बसायचं नाही. सूनही तिला वळसा घालून जायची.

दुसऱ्या दिवशी तिनं रांजणाचा खुराक नवऱ्याच्या डोळ्यांसमोर मोजला. "बघा. मूठ बघा. कोंडा बघा. नंतर पुन्हा म्हणू नका." तो ओशाळून म्हणाला, "अगं, मी सहज बोललो." पण सहज बोललेलंच टोचतं.

मग ती पाण्याला गेली. लडी धुवायला पाणी खूप लागायचं आणि आड घरापासून शंभर पावलांवर. घागर डोक्यावर, कळशी कमरेवर, वर चढण. तिसरी खेप टाकून तिनं पदरानं मान पुसली आणि ऐकलं, तर म्हाताऱ्याची माळ अजून चालूच होती. ती थबकली. सासूबाई असताना एका माळेत तिच्या दोन खेपा व्हायच्या. दुसरी घागर पालथी करायला आणि लड बाहेर निघायला एकच गाठ पडायची, कारण ती पिळायला दुसऱ्या टोकाला तिलाच उभं राहावं लागायचं. आता तिसरी झाली तरी तिला कोणी हाक मारत नव्हतं. तिनं चौथी आणली. तेव्हा कुठं म्हातारा म्हणाला, "ये गं, धर."

दुपारी तिनं कोठीच्या खोलीत जाऊन खुंटीवरची दोरी काढली. एका वेळी रंगवलेल्या प्रत्येक घाण्यातला एक धागा त्या दोरीला बांधून ठेवायची सासूबाईंची पद्धत होती आणि सुनेनं ती चालू ठेवली होती. दोरी अंगणात उन्हात पसरून ती उकिडवी बसली. एका टोकापासून पाहत गेली. बराच लांबपर्यंत रंग एकसारखा होता. सासूबाईंचे हात दुखायला लागले आणि खुराक सुनेकडे आला, ती जागा तिला ठाऊक होती, तिथं तिनंच लाल गाठ मारली होती. त्या गाठीपुढंही वर्षभर रंग तसाच. मग सासूबाईंच्या नंतरचे धागे आले. पहिले काही बरे होते. मग जरा गडद. मग आणखी. एकदम नव्हे, दिवस मावळतो तसं हळूहळू ते काळवंडत गेले होते.

तिचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच वर आला. दोष खुराकाचा नव्हता, म्हणजे आपला नव्हता. मग कोणाचा, हे चार घागरी पाण्यानं तिला सकाळीच सांगितलं होतं.

नवऱ्याला तिनं सगळं सांगितलं. न सांगून काय करणार? आठ दिवसांतला दीड गेला होता. त्यानं दोरी पाहिली, कपाळाला हात लावला आणि तिला म्हणाला, "चुकलं माझं." नवरा चुकलं म्हणतो असे दिवस वर्षात दोन असतात, पण तिला त्याचा आनंद घेता आला नाही.

"बाबांना कसं सांगायचं?" ती म्हणाली.

"मी सांगतो."

त्यानं सांगितलं ते असं. सकाळी म्हातारा काठीला लड लावत होता, तेव्हा जवळ जाऊन तो म्हणाला, "बाबा, या चाळीस लडी आपण घड्याळावर काढू. तुमचं वय झालं. माळ लांबतेय. तुम्हाला कळत नाही, पण लांबतेय."

म्हातारा थोडा वेळ काठीकडे बघत राहिला. मग त्यानं ती मुलाच्या हातात दिली. "बरोबर आहे तुझं," एवढंच म्हणाला आणि हात धुवायला गेला. हात धुऊन त्याचे निघणार थोडेच होते, तरी त्यानं ते राख लावून बराच वेळ धुतले. सून घागर घेऊन जाताना ते पाहत होती. आपली मान सोडवताना आपण त्यांची अडकवली, असं तिच्या मनात आलं आणि पुढं दिवसभर ते गेलं नाही.

घड्याळ काही वाईट निघालं नाही, हे सांगायलाच हवं. मुलगा हुशार होता. त्यानं मोबाइल खांबाला बांधला, सुताचे तीन लहान तुकडे घेतले, प्रत्येक तीनदा बुडवला, एक चार चार मिनिटं, एक पाच पाच, एक सहा सहा. धुतले, वाळवले, काकांच्या जुन्या तुकड्याशेजारी ठेवले. पाचवाला असा जुळला की कुठला कोणता ओळखू येऊ नये. मग पाच मिनिटं बुडव, उचल, पिळ, वाळव, पुन्हा पाच मिनिटं. मोबाइल टुणटुण वाजला की लड बाहेर. तीन दिवसांत छत्तीस लडी झाल्या. एकीचाही रंग इकडचा तिकडे नाही.

पण अंगणात सामसूम झाली. शिवणवाली दुसऱ्या दिवशी कुंपणावरून डोकावून विचारून गेली, "म्हातारबाबा बरे आहेत ना? आमच्याकडे सगळे उशिरा उठतायत." सुनेला आधी वाटलं, बरं झालं, जरा कानाला विसावा. मग तिला घागर भरताना, सूत झटकताना, काही केलं तरी हात अडखळल्यासारखा व्हायला लागला. सहा वर्षं आपण त्या नावाच्या ठेक्यावर राबत होतो हे तिला तोवर ठाऊकच नव्हतं.

म्हातारा ओसरीवर बाजेवर बसलेला असायचा. हात मांडीवर. वाढलेलं ताट अर्धं परत यायचं.

"पोटात दुखतंय का मामंजी?" तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं विचारलं.

"नाही गं. भूक लागायला काम लागतं."

ती खांबाला टेकून खाली बसली. नवरा वाळलेल्या लडी मोजायला मागं गेला होता.

"मग इथं बसून नाव तरी घ्या. रांजण नाही म्हणून काय झालं?"

"घेतो की मनात."

"नाही घेत. तुमचे ओठ हलत नाहीत, अंगठा हलत नाही. मी बघते ना."

म्हातारा जरा हसला. पकडला गेल्यावर लहान मूल हसतं तसं. "एकट्यानं कसं घ्यायचं?"

"दोन वर्षं एकट्यानंच घेत होतात ना?"

"कोण म्हणालं?" तो म्हणाला. तिला वाटलं, विषय संपला. ती उठणार तोच तो पुन्हा बोलायला लागला, तिच्याकडे न बघता, रांजणांकडे बघत.

"मी नारायण म्हणायचो आणि थांबायचो. तिचं हरी व्हायला नको का? ती बैठक तिथंच आहे. तिकडं बघितलं की मला कळायचं, झालं म्हणून. ऐकू यायचं असं नाही. पण कळायचं. मग पुढचं नारायण. पहिले काही महिने पटपट व्हायचं. मग उशीर लागायला लागला. तिचा आवाज आता चटकन आठवत नाही गं. दिसते, पण आवाज मागं राहतो. आठवल्याशिवाय पुढं कसं जायचं? आणि शेवटचं नाव तिचं. सुरुवात माझी, शेवट तिचा. ते झालं अशी खात्री पटल्याशिवाय मी काठी कशी उचलू? कधी कधी फार वेळ खात्रीच पटायची नाही."

"तुम्हीच हरी म्हणून टाकायचं होतं," ती म्हणाली.

"तिच्या वाटचं मी कसं म्हणू?"

"पण रंग गडद होतोय, हे तरी कळत होतं ना?"

"पन्नास वर्षं हेच करतोय. कळणार नाही होय?" त्यानं आपली निळी बोटं उलटीसुलटी करून पाहिली. "कळत होतं. त्या दिवशी तुझ्यावर आळ आला तेव्हाही कळत होतं. तेव्हा बोलायला हवं होतं मी. लाज वाटली. एवढा म्हातारा, आणि बायकोची वाट बघत रांजणापाशी उभा राहतो, हे काय सांगायचं चारचौघांत?"

तिला राग यायला हवा होता. आलाही थोडा. पण त्याच्यामागून जे आलं ते इतकं मोठं होतं की रागाला जागाच उरली नाही. ती तोंड फिरवून उठली आणि ताट उचलून आत गेली.

सातव्या दिवशी सकाळी चार लडी राहिल्या होत्या. नवरा मोबाइल खांबाला बांधत होता.

"यातली एक मामंजींना काढू द्या," ती म्हणाली.

"वेडी आहेस का? उद्या काका येणार. एक लड बिघडली की चाळिसाच्या एकोणचाळीस."

"बिघडणार नाही. मी बसते बरोबर."

"कुठं बसतेस?"

तिनं बैठकीकडे बोट दाखवलं.

"घड्याळाचं काय वाईट आहे?" नवरा म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

"काहीच नाही. चांगलं आहे घड्याळ. पण घड्याळ जेवलं नाही तरी चालतं. तुमचे वडील चार दिवस धड जेवलेले नाहीत." मग ती म्हणाली, "फिकी झाली तर पुन्हा बुडवता येते ना? गडद झाली तरच पंचाईत. आणि मी असताना गडद कशी होईल? मला कुठं धीर आहे एवढा?"

त्याला हसू आलं. त्यानं मोबाइल सोडून खिशात टाकला आणि ओसरीकडे वळून म्हणाला, "बाबा, जरा या. माझी पाठ धरलीय. एक लड काढता का?"

खोटं तर खोटं, पण वेळेला सुचलं. म्हातारा लगेच उठला. रांजणाचं झाकण काढून आत वाकून त्यानं वास घेतला, वरचा तांबूस तवंग काठीनं बाजूला केला, लड ओली करून काठीला लावली आणि हळूच खाली सोडली. मग डावीकडे पाहिलं, तर बैठकीवर सून बसलेली. मांडी घालून, पदर सावरून, अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर ठेवून.

तो बघतच राहिला. सुनेच्या मनात आलं, ऊठ म्हणाला तर उठावं लागेल, आणि मग पुन्हा कधी बसता येणार नाही. नवरा पाठमोरा उभा राहून उगीचच एक दोरी ताणत होता. लड रांजणात होती आणि ती कोणासाठी थांबणार नव्हती.

"नारायण," म्हातारा म्हणाला.

"हरी!" सून म्हणाली. ती घाबरली होती, त्यामुळे आवाज भांडी विकण्याचा आला. आडावरचे कावळे उडाले.

म्हातारा थांबला. सुनेला वाटलं, संपलं सगळं.

"देव बहिरा नाही गं," तो म्हणाला. आणि मग, "नारायण."

"हरी," ती म्हणाली, या वेळी हळू.

"नारायण."

"हरी."

पहिल्या वीसेक मण्यांपर्यंत तो प्रत्येक वेळी तिच्याकडे बघत होता. 'हरी' येईल की नाही याची खात्री नसल्यासारखा. ते येत होतं. नंतर त्याची नजर सुतावर गेली, कारण डोळे सुतावर पाहिजेत. पन्नासनंतर दोघांना लय सापडली. काठी सावकाश डावीउजवीकडे फिरायला लागली. कुंपणापलीकडे शिवणवालीचं यंत्र थांबलं, थोडा वेळ तसंच थांबून राहिलं आणि पुन्हा सुरू झालं. सुनेला सासूबाईंसारखं म्हणता येत नव्हतं, तसा तिनं प्रयत्नही केला नाही. ती आपली तिच्या रीतीनं म्हणत होती, जरा घाईनं, जरा नाकात. एकशे आठावं 'हरी' झालं आणि म्हाताऱ्यानं लड उचलली. वाळवून दुसरी माळ झाली. पुन्हा वाळवून तिसरी.

धुऊन काढलेली लड त्यानं उन्हात धरली. काकांचा तुकडा मुलानं शेजारी धरला. तिघं माना वाकड्या करून बघत राहिले. लड जरा फिकी होती. जराच, पण होती.

"सासूपेक्षा घाईची निघालीस," म्हातारा म्हणाला. दोन वर्षांत सुनेनं त्याला इतकं उघड हसताना पाहिलं नव्हतं. "अजून नऊ मणी. बस."

"मी टायमर लावू का?" मुलानं विचारलं.

"लाव की. तुलाही कळेल, नऊ मणी म्हणजे किती ते."

ती पुन्हा बसली. लड पुन्हा खाली गेली. नारायण, हरी. एक, दोन, तीन. सकाळचं ऊन छपराखालून रांजणाच्या काठापर्यंत आलं होतं आणि म्हाताऱ्याचे हात त्या उन्हात होते. चार, पाच. सुनेला सासूबाई आठवल्या, त्यांचं रागावलेलं 'हरी', निवळलेलं 'हरी', तापात शेवटच्या दिवशी अंथरुणात पडून नुसत्या ओठांनी म्हटलेलं 'हरी'. सात. आठ. नववं 'नारायण' आलं. तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. डोळे भरून आले. शेवटचं नाव तिच्याकडे होतं आणि ते तिला म्हणता येत नव्हतं.

म्हातारा काठी धरून उभा होता. तिच्याकडे बघत होता.

"घे ना पोरी," तो म्हणाला. "लड गडद होतेय."

"हरी," ती म्हणाली, आणि त्यानं झटक्यात लड उचलली.